सायकलच्या दुकानाखाली गायलेलं गाणं

फोमचा टेम्पो दारात येऊन थांबला तेव्हा धाकटी एका आरामखुर्चीची पाठ उसवत बसली होती. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं, गाणं मात्र चालूच ठेवलं. गिटार, एका बाईचा बारीक आवाज, त्यामागे कपबशांची किणकिण, कुणाचं तरी खोकणं, खुर्ची सरकवल्याचा आवाज. धाकटीच्या हातातली पक्कड हवेतच राहिली. गाणारी बाई ती स्वतःच होती.

धाकटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण थोरल्या बहिणीच्या कारखान्यात काम करायचं म्हटलं की खरं नाव घरी ठेवून यावं लागतं. ताई मालकीण, ताईचा नवरा कापड आणायला आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायला, आणि बाकीच्या सगळ्याला धाकटी. जुने सोफे, खुर्च्या, दिवाण येत. त्यांचं फाटकं कापड उसवायचं, आतल्या स्प्रिंगा आवळायच्या, नवा फोम बसवायचा आणि वरून नवं कापड मढवून द्यायचं. चाळिशी उलटली तरी ती धाकटीच होती, आणि गिऱ्हाइकंसुद्धा बिनदिक्कत "धाकट्या ताई आहेत का?" असं विचारत आत येत.

दहाबारा वर्षांपूर्वी मात्र तिचं खरं नाव भिंतींवरच्या कागदांवर छापून यायचं. कागद छोटे असत, कारण गाण्याच्या जागाही छोट्या असत. कॉफीच्या दुकानाचा पोटमाळा, पुस्तकांच्या दुकानाची मागची खोली, एकदा तर बंद पडलेली लाँड्री. ती आणि एक ड्रमवाला, एवढाच कारभार. कुठल्या कंपनीने त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही कुठल्या कंपनीचे उंबरठे झिजवले नाहीत. असल्या गाण्यांना जाणकार लोक इंडी म्हणतात. ताई त्यांना रडगाणी म्हणायची. "पैसे देऊन रडायला येतात हे लोक," ती म्हणे, "फुकट रडायला घरं नाहीत का त्यांना?" मग धाकटीच्या घशात गाठी झाल्या. ऑपरेशन झालं, महिनाभर पाटीवर लिहून बोलावं लागलं, आणि आवाज परत आला तो भलताच. जाड, खालच्या पट्टीतला, कडेने खरखरीत. तो घेऊन ती पुन्हा कधी लोकांसमोर उभी राहिली नाही. ड्रमवाला लग्न करून लांब निघून गेला. गिटार फोममध्ये गुंडाळून माळ्यावर गेली.

"हे कुठं मिळालं तुम्हाला?" धाकटीने टेम्पोवाल्याला विचारलं. तोंडावर धुळीसाठी बांधलेलं फडकं होतं, ते तिने खाली केलं नाही.

"मिळालं कसलं, मीच केलंय," टेम्पोवाला म्हणाला. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. फोमच्या गाद्या उतरवताना कधी दोन शब्द जास्त बोलला नव्हता, पण हा विषय निघाला आणि त्याची कळी खुलली. "टोपीत रेकॉर्डर ठेवून. मी तिचे बरेच कार्यक्रम केलेत. म्हणजे गायची ती, करायचो मी. तुम्ही ऐकलंय का तिला?"

"थोडंसं."

"थोडंसं ऐकणारेच सगळे. जास्त गायलीच कुठं?" त्याने फोनवरचा एक ग्रुप उघडून दाखवला. ग्रुपचं नाव 'शेवटची रांग'. पन्नासएक माणसं. कुणी कुणाला नावाने ओळखत नव्हतं. टेम्पोवाल्याचं नाव टोपी. एकाचं नाव खोकला, कारण त्याच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तो हटकून खोकतो. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिला तर तिथे नावाची गरजच नव्हती. नुसतं 'ती' म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

"विकत मिळतं का यातलं काही?" धाकटीने विचारलं.

टेम्पोवाल्याला हा प्रश्न लागला. "विकत? अहो, आमच्यात कुणी पैशाचं नाव काढलं तर त्याला त्याच दिवशी बाहेर काढतात. एक द्या, एक घ्या. प्रत्यक्ष कार्यक्रमाचं, लोकांसमोर गायलेलं, ग्रुपात कुणाकडे नाही असं एक रेकॉर्डिंग द्यायचं, आणि त्या बदल्यात हवं ते एक घ्यायचं. तसं नसेल तर नुसतं ग्रुपात बसून आमच्या गप्पा वाचायच्या."

धाकटीने मग हळूच विचारलं. सायकलच्या दुकानाखाली तळघर होतं, तिथे एक कार्यक्रम झाला होता, त्यातलं शेवटचं गाणं कुणाकडे आहे का?

टेम्पोवाला थांबला आणि तिच्याकडे आदराने बघू लागला. "तळघराबद्दल तुम्हाला माहितीय म्हणजे तुम्ही थोडंसं ऐकणाऱ्यातल्या नव्हेत. त्या दिवशी मला भाडं होतं, म्हणून मी चुकलो. अजून हळहळतो. ते एकाकडेच आहे, खजिनदाराकडे. पण तो ते कुणाला ऐकवत नाही. अगदी कुणालाच."

धाकटीला हवं होतं ते हेच. ते गाणं तिने एकदाच गायलं होतं, ऑपरेशनच्या आधीच्या शेवटच्या कार्यक्रमात. त्याचं पहिलं कडवं तिला पाठ होतं:

खिडकीतला दिवा राहू दे जरा,
मी पोचते आहे, उशीर झाला खरा.

त्यापुढचं सगळं हरवलं होतं. शब्द गेले, चाल गेली. ऑपरेशननंतर पाटीवर लिहून बघितलं, अंघोळ करताना गुणगुणून बघितलं, बसमध्ये डोळे मिटून बघितलं. पहिल्या कडव्याच्या टोकाशी यायची आणि पुढे रस्ताच संपायचा. इतक्या वर्षांत तिने दुसरं एकही गाणं केलं नव्हतं. तिच्या मनाने पक्कं घेतलं होतं की आपलं सगळ्यात चांगलं गाणं ते होतं, आणि आपणच ते सांडून आलो. जी बाई स्वतःचं गाणं सांभाळू शकत नाही तिने नवी कुठल्या तोंडाने करायची? ते एकदा पूर्ण कानावर पडलं असतं तर ती सुटली असती. चांगलं निघालं असतं तर अभिमानाने, वाईट निघालं असतं तर निवांतपणे. पण सुटली असती.

टेम्पोवाल्याने तिला ग्रुपात घेतलं. नाव काय लावू विचारलं, तर समोर पडली होती म्हणून ती 'सुई' म्हणाली. दोन दिवस तिने नुसतं वाचलं आणि तिची मती गुंग झाली. ही माणसं तिच्या श्वासांवर भांडत होती. पुस्तकांच्या दुकानात तिने 'जिना' हे गाणं गाताना दुसऱ्या ओळीनंतर श्वास घेतला की तिसऱ्या, यावर दोघांचा आठवडाभर अबोला होता. लाँड्रीतल्या कार्यक्रमात मागे कसलंसं मशीन घुमत होतं, त्या घुमण्याची पट्टी कुठली यावर एकाने चित्र काढून पाठवलं होतं. आणि आपली गाणी कुणाच्या खिजगणतीत नाहीत असं समजून ती इतकी वर्षं सोफे मढवत होती.

तिसऱ्या दिवशी तिने खजिनदाराला लिहिलं. तळघरातलं गाणं हवंय, द्यायला माझ्याकडे काही नाही, पण फार गरज आहे.

खजिनदाराचं उत्तर लगेच आलं. सभ्य आणि कोरडं. गरज सगळ्यांनाच असते. नियम एकच आहे.

मग धाकटीने मनाचा हिय्या केला आणि लिहिलं की ती गाणारी मीच.

या वेळी उत्तराला जरा वेळ लागला. "नमस्कार," खजिनदाराने लिहिलं होतं. "या वर्षातल्या आपण चौथ्या. आधीच्या तिघींपैकी एक तर पुरुष निघाला. राग नसावा, पण गाऊन पाठवा. ग्रुप ठरवेल."

धाकटीने माळ्यावरून गिटार काढली, तारा बदलल्या. दुपारी ताई आणि भावोजी जेवायला घरी गेले की कारखाना रिकामा असायचा. फोमच्या गाद्या भिंतीला उभ्या करून तिने एक कोनाडा केला, त्यात बसून 'जिना' गायली. जपून, सावकाश, एकेक शब्द नीट. आवाज जाड येत होता, पण फाटला नाही. फोनवर रेकॉर्ड केलं आणि ऐकून बघायची हिंमत होण्याच्या आत पाठवून दिलं.

ग्रुपात दोन दिवस खल चालला. धाकटी स्प्रिंगा आवळता आवळता फोनकडे बघत होती, आणि ताई तिच्याकडे. शेवटी निकाल लागला. खजिनदाराने तो सगळ्यांसमोर लिहिला.

"आवाजाचं सोडा, आवाज वयानं बदलतो. पण 'जिना'चं शेवटचं कडवं ती प्रत्येक वेळी अर्धा ठोका आधी सुरू करते. आपल्याकडच्या एकूण एक रेकॉर्डिंगमध्ये. ड्रमवाला दर वेळी तिच्यामागे धावतो. या बाईंनी ते अगदी वेळेवर सुरू केलंय. गायलंय छान, मनापासून. पण या ती नव्हेत."

खाली खोकल्याने पुस्ती जोडली होती: "नक्कल चांगली आहे. सराव ठेवा."

धाकटीने फोन उशीच्या कापसात खुपसला आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही हसण्याचं नव्हतं. ताईने मशीन थांबवलं.

"काय झालं?"

"मी मी नाहीये," धाकटी म्हणाली. "ठरलं तसं. बहुमताने."

मग सगळं सांगावंच लागलं. ताईने टेम्पोपासून खोकल्यापर्यंत सगळं ऐकून घेतलं. रडगाण्यांना नावं ठेवायचा हक्क तिने जन्मभर बजावला होता, पण तो हक्क घरच्यांपुरता होता. बाहेरच्या कुणी तिच्या बहिणीला नक्कल म्हणावं, हे तिच्या पचनी पडेना.

"कोण हा खजिनदार? त्याला म्हणावं, हिच्या कानाखालचा तीळ मला माहितीये, ही किती महिन्यांची असताना चालायला लागली ते मला माहितीये. तू कोण ठरवणार ही कोण ते?"

"ताई, त्यांना तिळाशी काय करायचंय? त्यांना अर्धा ठोका हवाय."

"मग दे की. तू आधी सुरू करायचीस म्हणतात, ते खरं का?"

धाकटीने थोडा विचार केला. खरं होतं. तिच्या ध्यानात कधी आलं नव्हतं, पण आता कारणासकट आठवलं. प्रत्येक कार्यक्रमात पुढच्या खुर्च्यांवर दोनतीन माणसं अशी बसलेली असत की जीव नको व्हायचा. हाताची घडी, चेहरा दगडासारखा. बाकीचे पाचपंचवीस लोक निदान टाळ्या तरी वाजवायचे. हे मात्र गाणं संपलं तरी बोट हलवत नसत. शेवटचं कडवं जवळ आलं की तिला वाटायचं, आता हे उठणार. उठून जायच्या आत आपलं संपवावं. म्हणून ती घाई करायची. फोमच्या कोनाड्यात उठून जायला कुणी नव्हतं, म्हणून घाई झाली नाही.

"म्हणजे लोक समोर हवेत," ताई म्हणाली.

"मी लोकांसमोर नाही गाणार. या आवाजात तर नाहीच."

"त्यांचा नियम काय म्हणालीस? एक द्या, एक घ्या ना? लोकांसमोर गायलेलं, कुणाकडे नसलेलं. तुझं या आवाजात चारचौघांसमोर गायलेलं गाणं कुणाकडे आहे सांग बरं जगात?" ताईने दोरा दाताने तोडला. "लोक समोर असले की अर्धा ठोका येईलच, मग तू तीच आहेस की आणखी कुणी, हा प्रश्नच नको. रेकॉर्डिंग द्यायचं, गाणं घ्यायचं. सरळ व्यवहार."

धाकटी नाही म्हणाली, रात्रभर विचार करून सकाळी पुन्हा नाही म्हणाली. आणि दुपारपर्यंत ताईने भावोजींना कामाला लावलेलं होतं. त्या आठवड्यात एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या खुर्च्या मढवून झाल्या होत्या, हिरव्या रेक्झिनच्या, एकसारख्या. भावोजींनी त्या कारखान्याच्या मधोमध रांगेत मांडल्या. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ज्यांची ज्यांची कामं न्यायची होती त्या सगळ्यांना फोन केले, आणि सांगितलं की थोडं गाणं आहे, ऐकून मग घेऊन जा. ऐकल्याशिवाय सोफा मिळणार नाही, असं ते म्हणाले नाहीत. पण लोकांनी तसाच अर्थ घेतला असावा, कारण झाडून सगळे आले.

डॉक्टरीणबाई आल्या आणि स्वतःच्याच दवाखान्याच्या खुर्चीवर पेशंटसारख्या अवघडून बसल्या. एक निवृत्त मास्तर आपल्या आरामखुर्चीसाठी आले होते. ते त्या खुर्चीतच बसले आणि पाय पसरले. एक नवराबायको आली, सोफ्याचा रंग कुणी निवडला यावर दोघांची धुसफूस चालू होती. फोम घेऊन टेम्पोवाला आला, त्यालाही ताईने बसवलं. त्याला वाटलं, धाकट्या ताई 'ती'ची गाणी म्हणून दाखवणार आहेत. ग्रुपात नापास झालेली सुई हीच, हे त्याला माहीत होतं, आणि बिचारीला धीर द्यायला तो अगदी पुढे बसला.

नियमाप्रमाणे रेकॉर्डिंग ग्रुपात कुणाकडे नसलेलं हवं, म्हणून फोन टेम्पोवाल्याच्या नव्हे, ताईच्या हातात होता. तिने तो दोन्ही हातांनी समोर धरला होता, ताट धरावं तसा.

धाकटी स्टुलावर बसली. तिने फडकं सोडलं, तोंड मोकळं केलं. हे लोक गाण्यासाठी आलेले नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि गाण्यासाठी न आलेल्या लोकांसमोर गाण्यासारखी शिक्षा नाही. तिने 'जिना'साठी तार छेडली. पहिली ओळ आली ती अशी खोल आली की ती स्वतःच दचकली. फोमच्या कोनाड्यात हा आवाज नुसता जाड वाटला होता. इथे, माणसांमध्ये, तो खोलीच्या जमिनीवरून सरकत गेला आणि सगळ्यांच्या पायांशी जाऊन बसला.

रंगावरून भांडणारा नवरा काहीतरी कुजबुजला. "जरा गप्प बसा," ताई म्हणाली, फोन तसाच धरून. "माझी बहीण गातेय." हे रेकॉर्डिंगमध्ये अगदी स्वच्छ आलं.

मास्तरांनी पाय जवळ घेतले. डॉक्टरीणबाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. धाकटी डोळे उघडून हे सगळं बघत होती, आणि तिला बरं वाटत होतं. पण शेवटचं कडवं जवळ आलं तशी तिची नजर पुढे गेली. टेम्पोवाला हाताची घडी घालून बसला होता. चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती. तोच दगड. जुनं भय सळकन वर आलं, हा आता उठणार. आणि ती शेवटच्या कडव्यात अर्धा ठोका आधीच शिरली.

टेम्पोवाल्याचं तोंड उघडं पडलं.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या, आणि चांगल्या खणखणीत वाजल्या. सोफा घेऊन जाताना त्या नवराबायकोने तो दोघांनी मिळून उचलला. टेम्पोवाला मात्र जागचा हलला नाही, टाळीही वाजवली नाही. ताईने फोन बंद करून पदराला हात पुसले, तेव्हा कुठे तो बोलला.

"तुम्हीच आहात," तो म्हणाला. "डोळे मिटून ऐकायचो, चेहरा कधी नीट पाहिलाच नाही. आणि मी तुमच्याकडे चार वर्षं फोम उतरवतोय."

"टाळ्या का नाही वाजवल्या?" धाकटीने विचारलं. इतक्या वर्षांचा सवाल होता तो. "तेव्हाही नाही वाजवल्यात. इतकं का वाईट वाटायचं?"

त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "अहो, रेकॉर्डर टोपीत असायचा. टाळी वाजवली तर कानठळ्या बसतील ऐकणाऱ्याच्या. हललं तर खुर्ची वाजते, मान डोलावली तर टोपी घासते. रेकॉर्ड करणाऱ्याने दगडासारखं बसायचं, हा आमचा पहिला नियम. आज मोठ्या ताईंचा फोन शेजारी होता, म्हणून सवयीनं. आमच्याइतकं ऐकणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं, धाकट्या ताई."

धाकटी खाली बसली, हिरव्या खुर्चीवर. ज्यांच्या धाकाने ती आयुष्यभर घाई करत आली होती, तेच तिचे सगळ्यात सख्खे श्रोते होते. तिला या माणसांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माया आली.

रेकॉर्डिंग पाठवलं. या वेळी खल झाला नाही. ग्रुप अर्धा दिवस नुसता गप्प होता. मग खोकल्याने लिहिलं, "सरावाबद्दल बोललो ते मागे घेतो." आणि सोमवारी सकाळी खजिनदाराने फोन केला.

त्याचा आवाज मऊ होता, बोलताना शब्द चाचपून ठेवणारा. आधी त्याने माफी मागितली. मग म्हणाला, "तळघरातलं पाठवतो. तुमचंच आहे. पण आधी एक सांगायला हवं. ते बिघडलेलं आहे. म्हणून मी इतकी वर्षं कुणाला दिलं नाही."

"टेप खराब झाली का?"

"नाही, टेप उत्तम आहे. शेवटी मी बोललोय." हे सांगताना त्याला खरोखर लाज वाटत होती. "रेकॉर्ड करणाऱ्याने बोलायचं नसतं. मी कधी बोललो नाही, त्या एका वेळी तोंडून निघून गेलं. अगदी माइकला लागून. सगळ्यांसमोर ती चूक यायला नको, म्हणून ठेवून दिलं. ऐकून नाराज होऊ नका."

गाणं आलं. ताईने कारखान्याचं दार लोटलं आणि जवळ येऊन बसली. धाकटीने फोन कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवला.

तळघर ऐकू आलं. वरच्या दुकानात कुणीतरी सायकलचं चाक फिरवत होतं, त्याची टिकटिक. गिटार. मग तिचा जुना आवाज, बारीक, उंच, खिडकीतला दिवा राहू दे जरा. धाकटी ओठ न हलवता सोबत म्हणत होती. मी पोचते आहे, उशीर झाला खरा. कडवं संपत आलं. आता हरवलेलं येणार होतं.

गिटार थांबली.

"पुढचं अजून झालं नाहीये," जुन्या आवाजातली ती म्हणाली, थोडी ओशाळून. "इथवरच आहे. झालं की म्हणेन."

थोड्या टाळ्या वाजल्या. पाचपंचवीस माणसांच्या. आणि मग माइकला अगदी लागून, कुणाला ऐकू जावं असा हेतू नसलेला, एक मऊ पुरुषी आवाज म्हणाला, "थांबू आम्ही."

रेकॉर्डिंग संपलं. धाकटी फोनकडे बघत राहिली. दहाबारा वर्षं ती जे शोधत होती ते हरवलेलंच नव्हतं, कारण ते झालंच नव्हतं. तिने काहीही सांडलं नव्हतं. फक्त एक काम राहिलं होतं, आणि ते राहिलंय हे ती विसरली होती. तिला इतकं हलकं वाटलं की रडू आलं, आणि तिने ते आवरलं नाही.

ताई नाक ओढून म्हणाली, "शेवटी बोलला तो कोण?"

"खजिनदार."

"अजून थांबलाय म्हणजे," ताई म्हणाली. ती उठली, तिने एका सोफ्याची उसवलेली पाठ आपल्या बाजूला ओढून घेतली आणि पक्कड शोधली. "ही मी बघते. तू बस, आणि ते पुढचं कर."

धाकटीने डोळे पुसले, गिटार मांडीवर घेतली आणि कारखान्यात भरदुपारी, ताईच्या ठोकाठोकीत, दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ जुळवायला बसली.